‘कौन पढता है?’

आमच्या घराच्या भिंतीवर काही वर्षे ‘मुघल-ए-आझम’चे पोस्टर होते. काचेच्या चौकटीत बसवलेले, मुंबईच्या एका दुकानातून बरेच पैसे मोजून आणलेले. चौकटीच्या मागे चिठ्ठी होती : मर्यादित आवृत्ती, पाचशे प्रतींपैकी सदतिसावी. पाहुणे कौतुक करायचे आणि आम्हीही ते करून घ्यायचो. पण उर्दू शिकवून ज्यांची चूल पेटते त्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटणे शक्य नव्हते. ती दुसऱ्याच दिवशी दिसली. चित्रपटाचे नाव इंग्रजीत बरोबर होते, देवनागरीत बरोबर होते. उर्दूत मात्र मीम वेगळा, गैन वेगळा, लाम वेगळा. उर्दूची लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि अक्षरे हातात हात घालून चालतात, हे पहिलीच्या मुलालाही ठाऊक असते. इथे ती एकमेकांशी भांडून सुटी उभी होती, आणि तीही डावीकडून उजवीकडे. संगणकाला उर्दू येत नव्हती आणि संगणकासमोर बसलेल्यालाही येत नव्हती.

आम्ही दुकानदाराला फोन केला. तो सज्जन माणूस होता. शांतपणे म्हणाला, “सर, कौन पढता है? डिझाइन है.”

हा लेख त्या एका वाक्याला दिलेले उत्तर आहे.

जुन्या चित्रपटांची पोस्टरे जमवणे हा आता प्रतिष्ठेचा छंद झाला आहे. २००२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये हिंदी चित्रपटांच्या चित्रकलेचे मोठे प्रदर्शन भरले. त्यानंतर आपल्याकडेही लिलाव होऊ लागले आणि जाडजूड चित्रमय पुस्तके निघाली. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर पूर्वी रद्दीच्या भावाने मिळणारे कागद आता हातमोजे घालून उचलले जातात. याचे आम्हाला दुःख नाही. ज्या कागदाला कालपर्यंत कोणी विचारत नव्हते त्याला मान मिळाला तर वाईट काय? आमचा प्रश्न पुढचा आहे. हा मान नेमका कशाला मिळतो? आणि ‘अस्सल’ हा शिक्का कोण मारतो?

संग्राहकांची व्याख्या सोपी आहे. चित्रपट पहिल्यांदा लागला तेव्हा जे छापले ते अस्सल, नंतरच्या पुनर्प्रदर्शनाच्या वेळचे दुय्यम, आणि आजच्या यंत्रावर काढलेली ती नक्कल. पारख करण्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत. तळाशी छापखान्याचे नाव आहे का? कागद हलका, पिवळसर आणि ठिसूळ आहे का? घड्यांच्या रेषा आहेत का? पोस्टरे घड्या घालूनच गावोगावच्या टॉकीजकडे जात, म्हणून ज्या घडीने कागद फाटतो तीच घडी आज खरेपणाचा पुरावा मानली जाते. ‘मुघल-ए-आझम’ ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात लागला आणि २००४ च्या नोव्हेंबरात रंगीत होऊन पुन्हा लागला. या दोन वेळच्या कागदांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो ओळखता न येणाऱ्याला दोन्ही एकाच भावाने विकले जाऊ शकतात.

हे सगळे आम्हाला मान्य आहे. पण या खुणांच्या यादीत कागदावर काय लिहिले आहे ते वाचणे कुठे आहे?

पोस्टर तयार कसे होत असे ते थोडे पाहू. चित्रकार मूळ चित्र रंगवायचा. त्याचे रंग वेगवेगळे करून दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर चढवायचे आणि एकेका रंगाचा हात कागदावर फिरवायचा. पुढे ऑफसेट आले. मूळ चित्राचे काय व्हायचे? बहुतेक वेळा काहीच नाही, ते छापखान्यात धूळ खात पडायचे. थिएटरवरच्या मोठ्या फलकांची गत तर याहून न्यारी. चित्रपट उतरला की कापडावर पांढरा हात मारायचा आणि त्यावरच पुढचा नायक रंगवायचा. मुंबईच्या आल्फ्रेड टॉकीजसाठी अगदी अलीकडेपर्यंत हाताने फलक रंगवणारे शेख रहमान यांच्यावर जर्मन दिग्दर्शकांनी माहितीपट केला, त्याचे नावच ‘ओरिजिनल कॉपी’. अस्सल नक्कल! आमच्या मते या सगळ्या व्यवहाराला याहून समर्पक नाव सापडणार नाही. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेनही मुंबईत असेच चौरस फुटाच्या हिशेबाने फलक रंगवत होते. पुढे त्यांच्या चित्रांना कोट्यवधींचा भाव आला, पुढे २००६ साली त्यांना देश सोडावा लागला आणि २०११ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पण सिनेमाच्या फलकांवरचे त्यांचे काम त्या काळी कोणी सही घेऊन जपले नाही.

या कलेत महाराष्ट्राचा हात मोठा आहे आणि तो अभिमानाने सांगितला पाहिजे. कोल्हापूरच्या बाबूराव मिस्त्रींनी, म्हणजे बाबूराव पेंटरांनी, आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवली. आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रमय पोस्टरांत सर्वांत जुने म्हणून त्यांच्याच १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे नाव घेतले जाते. कोल्हापूरचेच जी. कांबळे यांचे नाव ‘मुघल-ए-आझम’च्या फलकांशी जोडलेले आहे. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या दिवाकर करकऱ्यांनी ‘दीवार’च्या पोस्टरवर अमिताभचा राग असा रंगवला की पुढची दहा वर्षे सगळेच नायक रागावले. ही नावे मराठी वाचकाला ठाऊक आहेत, निदान ठाऊक असायला हवीत.

आता दुसरी बाजू. ‘मुघल-ए-आझम’चे संवाद लिहिणाऱ्यांत अमान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा आणि एहसान रिझवी होते. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांतल्या कितीतरी हिंदी पोस्टरांवर चित्रपटाचे नाव तीन लिप्यांत असे : इंग्रजी, देवनागरी आणि उर्दू. गाण्यांच्या चोपड्यांत कथासार तीन भाषांत छापले जाई. ते उर्दू नाव लिहिणारा कातिब कोण? चित्रकाराची सही कोपऱ्यात सापडते, छापखान्याचे नाव तळाशी सापडते, कातिबाचे नाव सहसा कुठेच सापडत नाही. बोरूच्या एका टोकाने नस्तालिकचा बाक काढणारा तो माणूस दिवसा वर्तमानपत्राची पाने लिहीत असे आणि फावल्या वेळात लग्नपत्रिका. नव्वदच्या दशकात संगणकावर नस्तालिक उतरली आणि त्याचा धंदा बसला. त्याबद्दल आम्ही यंत्राला दोष देत नाही. यंत्र आले तेव्हा आपण त्याची किती अक्षरे जपली, एवढेच विचारतो.

आता आमच्या किनाऱ्यावर या. मालवण तालुक्यातले तोंडवली म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी आणि मधे सुरूच्या झाडांची चिंचोळी पट्टी. इथली हवा लोखंड खाते, तिथे कागदाची काय कथा! चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा. अशा गावात जुने पोस्टर टिकणे हा चमत्कारच म्हणायचा. तरी एका घरात ते टिकले होते.

त्या घरचे चाचा उमेदीची सारी वर्षे मुंबईत होते. काम पोस्टर चिकटवण्याचे. रात्री दहाला निघायचे, खांद्यावर शिडी, एका हातात खळीची बादली, दुसऱ्या हातात कुंचा. खळीत मोरचूद घालायचे म्हणजे कीड लागत नाही आणि गुरे भिंतीवरचा कागद ओढून खात नाहीत. उरलेले कागद ते गावी आणायचे. त्यांनी घरची फडताळे आतून मढवली, मुलांच्या पुस्तकांना वेष्टने घातली, आणि उरलेले पत्र्याच्या ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालून ठेवले. चाचा गेले. ट्रंक राहिली.

मग मुंबईहून एक व्यापारी आला. कोणाकडून तरी त्याला बातमी लागली होती. त्याने ट्रंक अंगणात उघडली, चाळीसेक कागद उलगडले आणि त्यांतले अकरा निवडले. निवड करताना त्याने तळाची ओळ पाहिली, घड्या पाहिल्या, चेहरे पाहिले. पैसे रोख दिले. ते पैसे चाचींच्या औषधाला दोन महिने पुरले, म्हणून त्या व्यवहाराला फसवणूक म्हणायला आमची जीभ धजत नाही. बाकीचे कागद, गाण्यांच्या चोपड्या, उर्दू हस्तपत्रके आणि एक लांबट वही त्याने ट्रंकेत परत टाकली.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा चाचींनी ती ट्रंक पुढे सरकवली. म्हणाल्या, “मास्तर, ह्यां आता कोण वाचतलो? तुमी घेवन जावा.”

मुंबईच्या दुकानदाराचा प्रश्न आणि तोंडवलीच्या चाचींचा प्रश्न, शब्द जवळपास तेच. पण दुकानदार ज्या गोष्टीवर हसत होता तिच्यावर चाचींचे डोळे भरून आले होते.

आम्ही ती वही घरी आणून वाचली. ती चाचांची हिशेबाची वही होती, घाईच्या उर्दूत लिहिलेली. कोणत्या रात्री कोणत्या चित्रपटाचे किती कागद मिळाले, कोणत्या भिंतीवर किती लावले, किती पावसाने गळाले, मुकादमाने किती मजुरी कापली. ‘पाकीझा’ १९७२ च्या फेब्रुवारीत लागला. त्या रात्रींची पाने भरगच्च आहेत. भायखळा, नागपाडा, डोंगरी, मग परत. शेवटी एक रकाना : ‘घर’. म्हणजे घरी आणलेले कागद, तारखेसकट.

ज्या अकरा कागदांना व्यापाऱ्याने अस्सल म्हणून विकत नेले, त्यांच्या अस्सलपणाचा सर्वांत भक्कम पुरावा तो तोंडवलीच्या अंगणात टाकून गेला. का? कारण तो उर्दूत होता. आता कुठल्याशा दिवाणखान्यात ते पोस्टर लागले असेल, मागे प्रमाणपत्र चिकटवलेले असेल आणि त्यावर ‘खाजगी संग्रहातून’ एवढेच लिहिलेले असेल. पोस्टर एकीकडे, त्याचा जन्मदाखला दुसरीकडे. पैसेवाल्या संग्राहकांना आम्ही सांगू इच्छितो : तुमच्याच व्याख्येने तुमचे नुकसान झाले आहे. लिपी वाचणारा एक माणूस बरोबर नेला असता तर तुमच्या कागदाची किंमत वाढली असती. आमच्या भावनेसाठी नको, निदान तुमच्या नफ्यासाठी तरी उर्दू वाचा!

बाजाराच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि त्यात तथ्य आहे. बाजार नसता तर हे सगळे कागद कधीच लगद्यात गेले असते. खरे आहे. सरकारी संग्रहालयावर विसंबून चालले नसते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर मूकपटांचा बहुतांश वारसा नष्ट झालेला होता. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच जुन्या नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि आणखी नुकसान झाले. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या ‘आलम आरा’ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज उरलेली नाही. उरली आहेत ती काही छायाचित्रे आणि जाहिराती. फीत गेली, कागद राहिला. म्हणून रद्दीवाल्याने आणि चोर बाजारातल्या दुकानदाराने जे वाचवले त्याबद्दल आम्ही त्यांना सलाम करतो. पण बाजार जे विकते तेच वाचवतो. नट विकतो म्हणून नट वाचला. कातिब विकत नाही, खळ लावणारा विकत नाही, वही विकत नाही. त्यांना वाचवण्याची जबाबदारी बाजाराची नव्हतीच. ती आमची होती.

आणि इथे आम्हाला आमच्याच माणसांशी भांडायचे आहे.

ट्रंकेची बातमी पसरल्यावर आमच्यातल्या काही वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, “तसवीरें हैं, जला दो.” आम्ही त्यांच्याशी धर्मशास्त्रावर वाद घातला नाही, तो आमचा अधिकार नाही. फक्त एक विचारले. आपल्या घरांत उर्दूचा कागद जमिनीवर पडला तर आपण तो उचलून उंच जागी ठेवतो, कोण जाणे त्यावर कोणते पाक नाव असेल म्हणून. मग ज्या कागदावर तीच अक्षरे आहेत तो केवळ शेजारी मीनाकुमारी आहे म्हणून चुलीत घालायचा? पारपत्रावरचा फोटो चालतो, आखाती देशातल्या नोकरीच्या अर्जावरचा चालतो, मग कोणाच्या तरी कष्टाची नोंदच तेवढी का चालत नाही? उत्तर मिळाले नाही. ट्रंक वाचली, एवढे मिळाले.

दुसरे आमचे उर्दूप्रेमी. उर्दू मरते आहे म्हणून ते मुशायऱ्यात गळा काढतात, ठराव करतात, शालींची देवघेव करतात. त्यांना आमचा सवाल : गेल्या पन्नास-साठ वर्षांत ज्या भिंतींवरून लाखो माणसांनी रोज उर्दू पाहिली, त्या भिंतींची एक तरी यादी तुम्ही केलीत का? गझल म्हणजेच उर्दू असे मानले की बादली घेऊन फिरणाऱ्याची उर्दू दिसेनाशी होते. ‘बारह बजे तक काग़ज़ ख़त्म, बारिश’ हे चाचांच्या वहीतले वाक्य आम्हाला कोणत्याही अध्यक्षीय भाषणापेक्षा जवळचे वाटते.

तिसरे आमचे मराठीचे अभिमानी मित्र. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आजवर आम्हाला एक प्रश्न विचारला जातो : तुमची भाषा कोणती? घरात मालवणी वळणाची बोली, मदरशात अरबी, वर्गात उर्दू, बाजारात आणि या अंकात मराठी. यांतली एक निवडा म्हणतात. आम्ही त्यांना ते जुने पोस्टर दाखवतो. कोल्हापूरच्या मराठी चित्रकाराने रंगवलेले, त्यावर कातिबाची उर्दू, देवनागरी आणि इंग्रजी, आणि ते भिंतीवर लावणारा तोंडवलीचा चाचा. त्या कागदावर कोणी कोणाला ‘तू कोण?’ असे विचारले नव्हते. तिकीट काढणाऱ्याला जी लिपी येत होती ती त्याने वाचली आणि तो आत गेला. तो काळ सोन्याचा होता असे आमचे मुळीच म्हणणे नाही. वितरकाला गल्ला हवा होता, म्हणून त्याने तीन लिप्या छापल्या. पण गल्ल्यासाठी का होईना, उर्दू वाचणारा माणूस तेव्हा गिऱ्हाईक म्हणून मोजला जात होता. आज सदतिसाव्या क्रमांकाच्या मर्यादित आवृत्तीत तो नक्षी झाला आहे. आमचा राग त्याचा आहे.

तेव्हा नुसती तक्रार न करता काही मागण्या मांडतो.

नवी छपाई विकणाऱ्यांनी तिला नवी छपाई म्हणावे, आणि उर्दू ओळ छापण्यापूर्वी ती वाचता येणाऱ्याला एकदा दाखवावी. प्रत्येक उर्दू शाळेत असा माणूस सापडतो, फीही घेणार नाही. संग्राहकांनी चौकट करताना कडेची अक्षरे कापू नयेत आणि कागद कोणाच्या घरातून आला, त्याने तो कुठे लावला होता, ते मागे लिहून ठेवावे. ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी ते विकायचे तर खुशाल विकावेत, गरज कोणाला नसते! पण विकण्यापूर्वी प्रत्येकाचा फोटो काढावा, आणि सोबतच्या चिठ्ठ्याचपाट्या, वह्या, पावत्या कागदापासून तोडू नयेत. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको. दोन सुती कापडांमध्ये सपाट ठेवावे, जमिनीपासून आणि ओलीच्या भिंतीपासून दूर. आणि आमच्या उर्दू शाळांनी, आमच्यासकट, आपल्या पंचक्रोशीतल्या अशा माणसांची नावे त्यांच्या हयातीत लिहून घ्यावीत. चाचांना आम्ही वीस वर्षे सलाम केला, एकदाही विचारले नाही की मुंबईत तुम्ही काय करत होता. ही चूक व्यापाऱ्याची नाही, आमची आहे.

चाचांची वही सध्या आमच्याकडे आहे. सातवीची मुले रोज एक पान मराठीत उतरवतात. अवघड शब्द अडला की ती चाचींकडे जातात आणि चाची सांगतात की ‘मुक्काम दो टाकी’ म्हणजे कोणती भिंत, कारण चाचांनी घरी आल्यावर त्यांना ते सांगितलेले असायचे.

आणि ते सदतिसाव्या क्रमांकाचे पोस्टर? ते आम्ही घरातून काढून वर्गात लावले आहे. नवीन वर्ष सुरू झाले की पहिल्या दिवशी मुलांना सांगतो, यातल्या चुका शोधा. पाच मिनिटेही लागत नाहीत.